किल्ल्यावर हरवलेले बाबा

ताई,

तू बजावलं होतंस, "बाबांना किल्ल्यावर नेऊ नकोस, त्यांना घरात स्वतःची खोली सापडत नाही." तरी नेलं. तोफेपाशी पोरांचे फोटो काढेपर्यंत ते नाहीसे झाले.

आम्ही सगळे बुरूज पालथे घातले. तटाखाली समुद्र होता. तिथे वाकून बघायची हिंमत तुझ्या भावजयीने केली, मी नाही.

शेवटी ते किल्ल्यातल्याच जहाजांच्या संग्रहालयात सापडले. जुन्या गलबतावर चढून शिडाची गाठ सोडून पुन्हा बांधत होते. "ही वाऱ्यात टिकली नसती," असं रखवालदाराला दटावत होते. तो बिचारा "हो काका" म्हणत दोर धरून उभा! चाळीस वर्षांची खलाशाची नोकरी डोक्यातून गेली, हातांतून नाही.

मला बघताच त्यांनी खिशातली सुतळी माझ्या मनगटाला बांधली. "सारखा हरवतोस. आता माझा हात सोडू नकोस."

पन्नाशीचा मी, तसाच गाडीपर्यंत चालत आलो.

हे पत्र टाकणार नाही, नाहीतर पहिल्या गाडीने येऊन तू माझी हजेरी घेशील. फोनवर "सहल मजेत झाली" एवढंच सांगेन. सुतळी अजून मनगटावरच आहे.

तुझा,
बाबांना सापडलेला धाकटा