आधी कुणाला पाजायचं

आई, मला मुलगी झाली. दोन महिन्यांची आहे. आनंदाची गोष्ट आहे, पण परवापासून मला तुझा लई राग येतोय, आणि तू मरून इतकी वर्षं झाली, भांडायचं तरी कुणाशी?

निपाणीत मी जन्मले त्याच आठवड्यात, तू कामाला होतीस त्या तंबाखूच्या वखारीच्या मालकांनाही मुलगी झाली. मालकीणबाईंना दूध नव्हतं, म्हणून तुला बोलावलं. तुला अळिवाची खीर, तूपभात, सगळं मिळायचं. अट एकच, आधी त्यांच्या लेकीचं पोट भरायचं, मग माझं. ती पिऊन झोपेपर्यंत तुझ्याकडं उरायचं काय? मी नाचणीच्या पेजेवर. दिवसभर वखारीत खांबाला माझी गोणपाटाची झोळी बांधलेली, आणि खाली तुम्ही बायका तंबाखू चाळताय. त्याची बारीक धूळ, तो खकाणा, नाकात जाऊन मी शिंकले की सगळ्या हसायच्या, हे तूच हसत हसत सांगायचीस.

मी आठेक वर्षांची असेन. मालकांची मुलगी वखारीत आलीय, माझ्या शेजारी उभी आहे, माझं डोकं तिच्या खांद्याला लागतंय. कुणीतरी म्हणालं, "एकाच वयाच्या न्हवं ह्या?" आणि तू काय तोऱ्यात बोललीस गं! "व्हय की! ती माझ्या दुधावर वाढलीया." घरी जाताना मी विचारलं, "आणि मी?" तू वसकन अंगावर आलीस. "जगलीस न्हवं? मला न्हाय कामावर ठेवलं तर खाशील काय?" पुढं तुला खोकल्यानं नेलं, तेव्हा मी चौदाचीही नव्हते. मालकांची मुलगी आता तीन धडधाकट पोरांची आई आहे.

परवा बेळगावच्या डॉक्टरांनी माझी छाती तपासली. आईला खोकला होता का, लहानपणी कुठं वाढलात, सगळं विचारलं. मग म्हणाले, छाती पहिल्यापासूनच कमजोर, त्यात आता क्षय धरलाय. बाळाला अंगावर पाजायचं नाही, जवळही घ्यायचं नाही. वडगावच्या ह्या सासरच्या घरात मागं हातमाग चालतो आणि मी पुढच्या खोलीत एकटी. छाती दुधानं ठणकते. पिळून टाकते आणि रडते.

माझ्या धाकट्या जावेचा मुलगा पाच महिन्यांचा. ती दोघांना पाजते. "भिऊ नगा आक्का, हिलाबी पुरंल," म्हणते. देवमाणूस आहे बिचारी. पण आधी तिच्या पोराला घेते, मग माझीला. मी दारातून बघत बसते. माझी रडते, मुठी चोखते, आणि तो सावकाश पितोय.

हा कागद मी चुलीत घालणार आहे, जावेच्या हाती लागायला नको. कारण आई, तो पीत असतो तेव्हा माझ्या मनात एकच येतं, जावेला ओरडून सांगावं: त्याला उपाशी ओढून काढ, आणि माझीला घे.