लोवेलची लेव्हल

३० ऑगस्ट, शनिवार

आजपासून रोजनिशी. बांधकाम करणाऱ्या माणसाने नोंदी ठेवल्या पाहिजेत.

बांधायचं आहे ते अख्खं घर नाही. घराला जोडून एक खोली, सासूबाईंसाठी. सासूबाई म्हणजे आर्डिस, माझी बायको कोरीन हिची आई, वय चौऱ्याऐंशी. त्यांनी शेतावरचं घर विकलं, ऑक्टोबरमध्ये ताबा द्यायचा. त्यानंतर एक तर आमच्याकडे, नाहीतर काउंटीच्या वृद्धाश्रमात.  कोरीन भांडी जरा जोरात ठेवत होती. मीच म्हटलं, खोली मी बांधतो, स्वतःच्या हाताने. चर्चमध्येही सांगून टाकलं, त्यामुळे आता माघार नाही.

कोरीन म्हणाली, वर्लिन, तू जन्मभर शाळेत बँड शिकवलास. म्हटलं, मग? ट्रॉम्बोनवाली पोरं सरळ रांगेत उभी केली आहेत मी. लाकडं निदान मान हलवत नाहीत.

३१ ऑगस्ट

लोवेलकडे जाऊन आलो. लोवेल आमचा शेजारी, आणि गावाचा बांधकाम तपासनीसही तोच. शिवाय चर्चच्या कॉयरमध्ये माझ्या डाव्या हाताला उभा राहून खर्जात गातो. म्हणजे घरचाच माणूस.

त्याने बांधकामाच्या नियमांचं कोडबुक दिलं. भिंत सरळ आहे का बघायला मी लेव्हल मागितली, तीही दिली. माणसाएवढी लांब, लाकडी, टोकांना पितळ, मधे काचेत बुडबुडा. त्याच्या वडिलांची आहे. देताना बाहीने पुसली. म्हणाला, निवांत वापर, मला काही घाई नाही.

संकल्प: येत्या शनिवारी परत करायची. स्वच्छ पुसून.

९ सप्टेंबर

सांगाडा उभा राहिला. दर सोळा इंचांवर एक उभं लाकूड, त्याला स्टड म्हणायचं. वर आडवी पट्टी दुहेरी, खाली एकेरी. कोडबुक वाटलं होतं तितकं कठीण नाही. ते म्हणतं, स्टड वजन पेलतात, पण वारा वरून येत नाही, कडेने येतो. म्हणून कोपऱ्याकोपऱ्याला प्लायवूडचा अख्खा तक्ता ठोकायचा, खिळे जवळजवळ. त्याला ब्रेसिंग म्हणतात. तो नसेल तर चौकोनी खोली हळूहळू तिरकी होते.

प्लायवूड आणून ठेवलं. उत्तम प्रतीचं. कोरीनने बाहेर येऊन बघितलं आणि कोणीही न विचारता आईला फोन केला. तिचा आवाज बऱ्याच दिवसांनी हलका वाटला.

लेव्हल या शनिवारी.

१४ सप्टेंबर, रविवार

चर्चनंतर जेवण, प्रत्येकाने एकेक पदार्थ आणलेला. नव्या पाद्रीणबाईंनी हॉटडिशमध्ये, म्हणजे ओव्हनमधे भाजलेल्या खिमा-बटाट्याच्या थरांत, बटाट्याऐवजी वांगं घातलं होतं. जो तो एक घास खाऊन म्हणाला, अरे वा, हे वेगळं आहे. भांडं जवळपास भरलेलंच परत गेलं. बाई नवीन आहेत, शिकागोच्या. आमच्याकडे वेगळं म्हणजे काय हे त्यांना अजून ठाऊक नाही. मला वाईट वाटलं. मीही वेगळंच म्हणालो होतो.

कॉफीच्या रांगेत लोवेलने विचारलं, काय रे, लेव्हल कशी आहे? म्हटलं, एकदम झकास, केसभर इकडे की तिकडे नाही. तो म्हणाला, बरं. माझ्या भिंतीत त्याचा जीव गुंतला आहे.

२० सप्टेंबर, दुपार

हवा सुरेख. अशा हवेत माणसाला तळं आठवतं. तळं गोठलं की बर्फावर नेऊन ठेवायची मासेमारीची खोपटी या वर्षी नवी करायची ठरवली होती. कोपऱ्यावर ठोकायचं प्लायवूड नुसतंच पडून होतं, आणि पाऊस आला तर खराब झालं असतं. म्हणून ते खोपटीला वापरलं. तात्पुरतं. उसनं घेतलं असं समजू. स्वतःकडूनच घेतलं आहे, तेव्हा त्यात चोरीचा प्रश्न येत नाही.

कोरीन म्हणाली, हे आईच्या खोलीचं ना? म्हटलं, उरलेलं आहे. ती बरं म्हणाली आणि आत गेली. उरलेलं हा शब्द अगदीच खोटा नाही. वापरलं नसतं तर उरलंच असतं.

खोपटी मात्र नजर लागण्यासारखी झाली आहे. खिळे अगदी जवळ-जवळ ठोकले.

२७ सप्टेंबर

वारा. भिंत हलते. थोडीशीच, चार मात्रांत, संथ लय. बाहेरून थर्मोकोलच्या शीट आणि त्यावर साइडिंगच्या पट्ट्या लावून झालं आहे, म्हणजे वरवर सगळं ठीक, पण आतून हात टेकवला की कळतं. दुकानात जाऊन नवं प्लायवूड आणायला हवं. आज दुकान अर्धा दिवस. गाडीत जागाही नाही, आमिषाच्या बादल्या आहेत.

तोवर म्हणून दोन स्टडांच्या मधे लोवेलची लेव्हल तिरकी अडकवली. नेमकी बसली. घसरू नये म्हणून चार स्क्रू मारले. हलणं जवळपास थांबलं. सोमवारपर्यंतच ठेवायची आहे.

मन थोडं खातंय. लोवेलच्या अंगणातली पानं गोळा करून दिली.

३ ऑक्टोबर

लोवेल तपासायला आला. भिंत झाकण्याआधी त्याने आतला सांगाडा बघायचा, असा नियम आहे. मी म्हटलं, कॉफी घे. नको म्हणाला. परत म्हटलं, परत नको म्हणाला. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा बसला, रीतीप्रमाणे. पहिल्या झटक्यात हो म्हणणारा माणूस आमच्याकडे बिनलाजा, आणि तिसऱ्यांदा न विचारणारा त्याहून. कोरीनने ऱ्हुबार्बच्या आंबट देठांच्या वड्या ठेवल्या. मक्याचं पीक, त्याचा गुडघा, कॉयरमधली पाद्रीणबाईंची नवी चाल, सगळं झालं. मग वडी खाऊन लगेच यजमानाची भिंत ठोकून बघणं बरं दिसणार नाही, असं त्याला वाटलं असावं. मलाही तसंच वाटलं. दारात थांबून म्हणाला, लेव्हल? म्हटलं, अगदी लेव्हल. त्याने टोपी घातली. मग गेला.

सोमवारी पुन्हा येणार आहे. तिथे लेव्हलला मारलेले स्क्रू दिसले तर बिचाऱ्याला उगाच वाईट वाटेल. त्याच्या मनाचा विचार केला पाहिजे.

५ ऑक्टोबर

भिंत आतून पाइनच्या फळ्यांनी झाकून टाकली. मधासारखा रंग. चर्चला गेलो नाही, पाठ दुखत होती. पाठ खरंच थोडी दुखत होती.

६ ऑक्टोबर

लोवेल आला, झाकलेल्या भिंतीपुढे टोपी मागे सरकवून उभा राहिला. बराच वेळ. शेवटी म्हणाला, हं. हे वेगळंच आहे.

सबंध काउंटीतल्या भिंती बघितलेला माणूस हे म्हणतो. एवढ्या कौतुकाने मला संकोच वाटला.

जाताना म्हणाला, कधी सवड झाली तर एखादी फळी काढून आत बघायला हरकत नाही, घाई नाही. घाई नाही म्हणाला. म्हणजे मनातून त्याने पासच केलं आहे. सही तेवढी राहिली.

१८ ऑक्टोबर

सासूबाई आल्या. सोबत जांभळ्या फुलांच्या कुंड्या, एक डीप फ्रीझर आणि भिंतीवरचं घड्याळ. खोलीभर हात फिरवत फिरल्या. म्हणाल्या, वर्लिन, माझ्यासाठी एवढं कशाला केलंस? म्हटलं, काहीच नाही केलं. आजवर बोललेल्या वाक्यांत हे सगळ्यात खरं निघालं, आणि त्या कौतुकाने हसल्या.

घड्याळ टांगलं. जरा वेळाने बघितलं तर तिरकं. सरळ केलं. पुन्हा तिरकं. घड्याळ जुनं आहे.

कोरीनने माझ्या खांद्यावर हात ठेवला. ती असं सहसा करत नाही. मला जेवण गेलं नाही.

२२ ऑक्टोबर

संकल्प: आज लेव्हल परत करायचीच. गॅरेज पालथं घातलं. सापडत नाही. कोरीनला विचारलं, ती म्हणाली, मी तुझ्या वस्तूंना हात लावत नाही, लावला असता तर एव्हाना गॅरेजात गाडी मावली असती. मग वाटलं, लोवेलच गुपचूप घेऊन गेला असेल आणि आता मुद्दाम विचारून माझी परीक्षा बघतोय. शेजारी असा वागेल असं वाटलं नव्हतं. दिवसभर त्याच्यावर रागावून होतो.

दुपारी ४. आठवलं कुठे आहे.

२३ ऑक्टोबर

लोवेल कचऱ्याचे डबे बाहेर ठेवत होता. मी कुंपणाच्या हेजच्या झुडपांमागे खाली वाकलो. तो हेजकडे बघून म्हणाला, गुड मॉर्निंग वर्लिन. मीही म्हटलं, वाकूनच.

२५ ऑक्टोबर

नवी लेव्हल विकत आणली, कोऱ्या लाकडाची. कॉफीच्या पाण्याने दोनदा पुसून जुनी केली आणि लोवेलला नेऊन दिली. त्याने हातात घेतली, वास घेतला. म्हणाला, छान आहे, तुलाच लागेल, ठेव. मी परत आणली. स्वयंपाकघरात एक कप कॉफी कमी पडली म्हणून कोरीन विचारत होती.

उद्या सगळं सांगायचं. उद्या रविवार, चर्चमध्ये नको. सोमवारी.

१ नोव्हेंबर, शनिवार

हे लिहायला हात धजत नाही.

सकाळपासून वायव्येचा वारा. टीव्हीवर सामना होता. सासूबाई न्याहारीनंतर खोलीत गेल्या होत्या, आम्हाला वाटलं झोपल्या आहेत. जेवणाला कोरीन बोलवायला गेली तर दार उघडेना. चौकट तिरकी होऊन दार गच्च धरलं होतं. मी खांद्याने धक्का दिला तेव्हा भिंतच करकरली. शेवटी पहारीने उघडलं.

सासूबाई कोट घालून खाटेवर बसल्या होत्या. खिडकीची काच एका कोपऱ्याला तडकून गार वारा येत होता. कधीपासून अडकल्या होत्या, विचारलं. म्हणाल्या, झाला थोडा वेळ. मी वाजवलं एकदोनदा, पण तुमचा सामना चालू होता ना, म्हटलं कशाला उगाच. आणि मग माझ्याकडे बघून, खोली फार छान आहे हो, वर्लिन, दारच जरा हट्टी आहे.

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांना आमच्या बेडरूममध्ये झोपवायचं ठरलं. वृद्धाश्रमाचा नंबर त्यांनी स्वतःच एका चिठोऱ्यावर लिहून कोरीनजवळ दिला, असू दे म्हणून. कोरीन तो हातात धरून ओट्याशी उभी होती. मला म्हणाली, आता जाऊन लोवेलला सांग. आत्ता. नीट शब्दांत.

२ नोव्हेंबर, रविवार

लोवेलच्या दारात गेलो. म्हटलं, वारा जोरात होता काल. तो म्हणाला, होता. म्हटलं, दार जरा धरतं. तो म्हणाला, धरत असेल. नीट शब्द एवढेच निघाले. त्याने कटावणी घेतली, टोपी घातली आणि माझ्यापुढे चालू लागला.

सासूबाई खुर्ची घेऊन बघायला बसल्या, मांडीवर शाल. कोरीन दारात. लोवेलने एकेक फळी काढली, मोडू न देता. चौथ्या फळीमागे पितळ चमकलं.

 मला वाटलं, निदान कोणी खोकावं तरी.

त्याने एक स्क्रू काढला. दुसरा काढला. तिसरा सैल केला तर वरच्या पट्टीपासून खालपर्यंत भिंत कण्हली आणि घड्याळ भिंतीवर सरकलं. लोवेलने तो स्क्रू परत आवळला. म्हणाला, ही सध्या असू दे. भिंतीत काम करणारी एवढी एकच वस्तू आहे.

मग म्हणाला, प्लायवूड लागेल. रविवारी दुकान बंद. मी जमिनीकडे बघत होतो. सासूबाई खिडकीतून अंगणात बघत होत्या. अगदी सहज म्हणाल्या, ती खोपटी किती भक्कम बांधली आहेस रे, कालच्या वाऱ्यात जरासुद्धा हलली नाही, मी बसल्या बसल्या तिच्याकडेच बघत होते.

कोरीन म्हणाली, उरलेलं प्लायवूड आहे ते. उरलेलं हा शब्द तिने फार सावकाश उच्चारला.

खोपटी मीच मोडली. खिळे इतके जवळ मारले होते की संध्याकाळ झाली. प्रत्येक खिळा कोडप्रमाणे होता, लोवेलनेही मान्य केलं. तक्ते आतून कोपऱ्यांवर चढले तशी भिंत गप्प झाली. तेव्हा त्याने लेव्हल बाहेर काढली, बाहीने पुसली आणि दिव्यापाशी उजेडात धरली. वडिलांच्या लाकडात माझी चार भोकं, आरपार. एका भोकातून उजेड त्याच्या गालावर पडला होता.

म्हणाला, वेगळी दिसते आता.

या वेळी मला अर्थ कळला. सॉरी म्हणालो. त्याच्या आधी वारा, दार, हवामान, काहीही न घालता. तो हं म्हणाला.

९ नोव्हेंबर

भिंत पास. लोवेलने सही केली. वृद्धाश्रमाच्या नंबराचं चिठोरं सासूबाईंनी कुंडीखाली ओल लागू नये म्हणून घालून टाकलं. त्यांचं दार आता एका बोटाने उघडतं. त्या दिवसातून बऱ्याचदा उघडतात, मला ऐकू जाईल इतपत जोरात बंद करतात, आणि मग कोरीनला विचारतात, वर्लिन कुठे आहे.

कॉयरनंतर कोटाची बटणं लावता लावता लोवेल म्हणाला, तळं गोठलं की माझ्या खोपटीत येत जा, दोघांपुरती जागा आहे. मी म्हटलं, नको, उगाच तुला त्रास. तो म्हणाला, त्रास कसला, ये की. मी पुन्हा नको म्हटलं.

मग थांबलो, तिसऱ्यांदा विचारेल म्हणून. तो हातमोजे घालत होता. घालून झाल्यावर म्हणाला, बरं, आणि गाडीकडे गेला.