प्रार्थनाघराचं सागवानी आढं

रविवार, ५ मे

प्रवचन चालू असताना सहज वर पाहिलं आणि नजर तिथेच अडकली. प्रार्थनाघराच्या छपराचं आढं, मधली मोठी तुळई, नवीन आहे. सागवान. लांब, सरळ, ताजं तासलेलं — आणि वनखात्याचा छाप कुठेच नाही. वादळात जुनं छप्पर उडालं तेव्हा मी वनरक्षकांच्या ट्रेनिंगला आलापल्लीला होते. परत आले तर छप्पर तयार. सगळे किती खूश आहेत!

नेमके आजच पास्टर सुनिल प्रेषितांवर, येशूच्या पहिल्या शिष्यांवर, बोलत होते. माणसांचं ऐकावं की देवाचं. मंडळी आमेन म्हणत होती. माझ्या तोंडून निघेना.

बाहेर आल्यावर सोमाजीकाकांना विचारलं. मंडळीतले सगळ्यांत मोठे, छपराचं काम त्यांनीच केलं. लाकूड कुठून आणलं, काका? अगदी शांतपणे म्हणाले, "नाल्यापाशी पडलं होतं ना वादळात. आमी नाई तोडलं. देवानंच पाडलं, देवाच्याच घराले लागलं."

नाला माझ्या बीटमध्ये, माझ्या गस्तीच्या हद्दीत येतो.

सोमवार, ६ मे

गस्तीवर मुद्दाम नाल्याकडून गेले. झाड मुळासकट उपटलेलं. खोड करवतीनं कापून नेलेलं, शेंडा तसाच पडलेला. काका खोटं बोलले नाहीत. पण पडलेलं झाडही खात्याचंच. वनरक्षकाला हे पहिल्याच दिवशी शिकवतात.

मागच्या हिवाळ्यात वारलूवर मीच गुन्हा नोंदवला होता. शेजारच्या टोल्यातला, पलीकडच्या वस्तीतला; आमच्या मंडळीतला नाही, त्यांचे देव वेगळे. गोठ्यासाठी सागाची एक बल्ली, एक वासा, नेला होता त्यानं. कायदा सगळ्यांना सारखा, असं तोंडावर सांगून आले होते. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. आता त्याच्यासमोर कोणतं तोंड घेऊन जाऊ?

आईला सांगितलं. तेंदूपानाच्या जुड्या बांधता बांधता म्हणाली, "तू वर पाह्यलंच काऊन?"

मंगळवार, ७ मे

सकाळी पास्टरकडे गेले. गणवेशातच गेले, कशासाठी आले ते लपू नये म्हणून. सांगून टाकलं — उद्या मला गुन्हा नोंदवावा लागेल.

पास्टर म्हणाले, लाकूड कुठलं ते मी विचारलंच नाई. न विचारलेलंच बरं वाटलं.

तेवढ्यात काका आले. ऐकून म्हणाले, "म्हणजे आता रेंजर साहेब देवाच्या वर झाला काय?"

त्यावर पास्टर जे बोलले, ते जसं आठवतं तसं लिहिते. "काका, प्रेषितायले लोकं म्हणत होते, येशूचं नाव घेऊ नका. म्हणून त्यायनं ऐकलं नाई. आपल्याले कोणी म्हटलं काय, प्रार्थना करू नका म्हणून? कायदा एवढंच म्हणते का आपलं नाई ते लाकूड नेऊ नका. अन् हे तर देवानंबी सांगितलंच आहे. मंग इथी भांडण कुठी आहे?"

काका उठून गेले. चप्पल विसरून.

मी निघाले तर पास्टर दारापर्यंत आले. "बायबलात पौल अधिकाऱ्याले देवाचा सेवक म्हणते, रंजीता. मी सेवक, तशी तूबी. भिऊन लिहू नोको, रागानंबी लिहू नोको. जे झालं ते लिही."

लहानपणापासून पौलाचं ते ऐकत आले. अधिकारी म्हटलं की रोमचा बादशहा डोळ्यांपुढे यायचा, हातात तलवार. आज कळलं, तो अधिकारी मी. खाकी शर्ट, पंक्चर स्कूटी, आणि ज्यांच्या मांडीवर खेळले त्यांचंच नाव लिहायचं.

बुधवार, ८ मे

ऑफिसला पोचले तर बाकावर पास्टर आणि सोमाजीकाका! पहिल्या बसनं आले होते, मला न सांगता. रेंजर साहेबांपुढे काका उभे राहिले. "लाकूड मीच आणलं साहेब. पोरगी तई ट्रेनिंगले होती. पास्टरले मी सांगितलं नव्हतं. चुकलं ते माह्यं."

साहेबांनी मला नोंद करायला सांगितली. दंड होईल, लाकूड जप्त होईल. काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "लिही बेटा. नाव नीट लिही."

लिहिलं.

घरी येऊन पोटभर जेवले. तीन दिवसांत पहिल्यांदा भाताला चव लागली.

शुक्रवार, १० मे

आढं उतरवलं. काकांनीच दोर धरला.

रविवार, १२ मे

आज उपासना मोहाच्या झाडाखाली. वाटलं होतं कोणी माझ्याजवळ बसणार नाही. दोघी-तिघी खरंच लांब बसल्या. पण काकू आल्या — सोमाजीकाकांची बायको — आणि माझ्या सतरंजीवर टेकल्या. गाण्याचं पुस्तक मधे धरलं, दोघींना दिसेल असं.

मधेच वारलू बैल घेऊन चालला होता. थांबला. काकांना विचारतो, "छप्पर कुठी गेलं?"

"सरकारजमा," काका म्हणाले. "आमचं नव्हतं ते."

वारलू माझ्याकडे वळला. "तुमच्यावाल्यायचंबी नाव लिहिलं काय तुनं, बाई?"

"हो, भाऊ. लिहिलं."

मान हलवली आणि हसला. किती महिन्यांनी! मग म्हणाला, छपरासाठी बांबू पाहिजे असन तं ग्रामसभेत मागा, बांबूचा हक्क तिच्याकडे आहे, मीबी बोलतो. आज आमेन मोठ्यानं म्हटलं.

मंगळवार, १४ मे

साहेबांनी बोलावलं. दार लोटून घ्या म्हणाले. माझ्याविरुद्ध तक्रार आली होती — वनरक्षकबाईनं आपल्याच चर्चला सागवान दिलं. गेल्या गुरुवारी चौकशी लागणार होती, निलंबनाचं ठरत आलं होतं. पण बुधवारी सकाळीच पास्टर आणि काका येऊन बाकावर बसले, आणि काकांच्या कबुलीनं तक्रार निकाली निघाली.

"त्यांना माहीत होतं का, सर?"

"नाही. अजूनही नाही."

तक्रार कोणाची, ते मी विचारलं नाही.

आठवडाभर वाटत होतं, मी मंडळीला सावरलं. सावरलं तर त्यांनी मला. आता सोमाजीकाकांकडे निघाले आहे, ते सांगायला.