तुडीलच्या विहिरीचा उलगडा

२ मार्च १९५९, सोमवार
आजपासून डायरी. वाडीत विचार करणारा माणूस एकच, म्हणजे मी. त्याची नोंद राहिली पाहिजे. मुंबईला छापखान्यात चौदा वर्षं कागदांचे गठ्ठे बांधले, आणि बांधता बांधता वाचले. अजूनही महाडहून आलेल्या पुडीचा कागद वाचल्याशिवाय चुलीत जाऊ देत नाही. आजवर जमवलेली माहिती: ३१२ नोंदी.
संकल्प पहिला: घरातलं, गावातलं एकेक गूढ सायन्सने सोडवणे.
संकल्प दुसरा: कमी बोलणे. (हा सावकाश.)

९ मार्च
शिवथरची मंडळी आमच्या चंद्रभागेला बघायला आली. पोरीला एकविसावं लागलं, आता उशीर नको असं बायकोचं, रंगूबाईचं म्हणणं. मी म्हटलं, मलाही तेच वाटतं.
मुलाचा चुलता अंगणात बसून म्हणाला की देवळाजवळच्या वडावर लई पक्षी हायेत. बघितलं तर वटवाघळं. मी शांतपणे सांगितलं, वटवाघूळ पक्षी नाही. अंडी घालत नाही, पिल्लांना दूध पाजतं. तो म्हणाला, उडतंय तर पक्षीच. मी म्हटलं, मग पतंगही पक्षीच काय? तासभर समजावलं. चहा निवला. शेवटी ते उठले ते नारळ न फोडताच गेले.
अडाण्यांच्या घरात पोर गेली नाही, हे बरंच झालं.
चंद्रभागा मागल्या दारी रडली. रडताना आधी डाव्या डोळ्यातून पाणी येतं. नोंद ३१३.

३० मार्च
दुसरं स्थळ. मुलगा चांगला, पण टोपी काही काढीना. एवढा उकाडा आणि टोपी? मला क्लू मिळाला. पाणी देण्याच्या निमित्ताने मागे गेलो आणि टोपी उचलली. साफ टक्कल. केस सॉल्व्ह्ड.
कुणी आभार मानले नाहीत. रंगूबाई म्हणाली, पोरीला टक्कल चाललं असतं, तुम्ही नाय चालत. रागात माणूस काहीही बोलतो.

१४ एप्रिल
चुलतभाऊ कुशाबाने सांगितलं की महाडला बाजारात सहा बोटांची मांजर आलीय, शहानिशा तूच करू शकतोस. दिवसभर फिरलो. तशी मांजर सापडली नाही. बाकीच्यांची बोटं मोजली: पुढे पाच-पाच, मागे चार-चार. नोंद ३१९. दोन ठिकाणी ओरबाडलं.
परत आलो तर कुशाबाच्या ओसरीवर नऊ कपबश्या उष्ट्या, नवी चादर अंथरलेली. घरात माणसं चार. विचार केला. उत्तर: कुशाबाच्या बायकोला कप विसळायचा कंटाळा, म्हणून दर वेळी नवा घेते. तिला तसं सांगितलं. ती पदर तोंडाला लावून आत गेली. शरमली असणार.

१ मे
मेहुणा मुरारी मुंबईहून भली मोठी ट्रंक घेऊन आला. दर वर्षी एकटा पिशवी हलवत येतो. मी विचारायच्या आधीच म्हणाला, दाजी, गर्मी लय हाय तिकडं. ट्रंकेचं गूढ सुटलं: गर्मीत कपडे जास्त लागतात.

४ मे
माझा काळा कोट पेटीतून गायब. चोर एवढं नेऊन बाकीचं ठेवणार नाही. म्हणजे कसर. पण कसर बटणं खात नाही. दोन तास विचार केला. बटणं उंदराने नेली. एकाच कोटावर दोन गुन्हेगार! अशी केस मुंबईलासुद्धा झाली नसेल.

५ मे
चंद्रभागेची नखं पिवळी दिसली. बोटंही. रंगूबाई म्हणाली, भाजीत हळद सांडली. मला फसवणं सोपं नाही. ही कावीळ. पोरीला समोर बसवून काडेचिराइताचा काढा पाजला, तेल-मीठ बंद केलं. तिने काढा गुमान प्यायला आणि माझ्याकडे बघत राहिली. आबा, तुमाला खरंच काय दिसत नाय का, असं विचारलं. मी म्हटलं, मलाच तर दिसतं.
कुशाबाने वीस बांबू आणलेत. गोठ्याला म्हणे. गोठ्याला बारा पुरतात, आठ वाया जाणार. तोंडावर सांगितलं.

७ मे
मोठी केस! मुरारी एसटीत ऐकून आला, की तुडीलला सावित्रीकाठी एक विहीर आहे, ती भर दुपारी गुणगुणते. बाईसारखी. मोठमोठे लोक हरले. तिथे त्याचा ओळखीचा रावजी राहतो, जेवणाखाणाची सोय करील. अट एकच: पाच दिवस सलग बसायचं, एक शब्द बोलायचा नाही.
मी म्हटलं, उद्याच निघतो. रंगूबाईने एवढ्या आनंदाने भाकऱ्या बांधल्या, की मलाच भरून आलं. बाईला उशिरा का होईना, नवऱ्याची किंमत कळली. निघताना चंद्रभागा पाया पडली. उगाचच. मग परत एकदा पडली.

९ मे, तुडील
विहीर साधी आहे. कठड्यावर बसलो. रावजी लांबून बघतो आणि खांदे हलवतो. त्याला ढास लागली असावी.

११ मे
काही ऐकू आलं नाही. बायका पाणी भरताना माझ्याकडे बघतात. पाठ भाजून निघाली. चिकाटी हाच सायन्सचा पाया.

१२ मे, दुपारी साडेबारा
ऐकू आलं! बारीक, लांबून. आधी उजव्या कानात, मग डाव्या. थिअरी जुळली: खाडीची भरती सावित्रीतून वर चढते, पाणी जमिनीखालच्या भेगांत शिरतं, आतली हवा विहिरीतून बाहेर पडते. बासरीचंच तत्त्व. रावजीला लिहून दाखवलं. तो जमिनीवर लोळायचा बाकी राहिला. त्याला वाचता येत नाही, हे मागाहून कळलं.
आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस.

१४ मे, गुरुवार
घरी पोचलो. अंगणात मांडव, आंब्याची पानं सुकलेली. वीस बांबू मोजले. कुशाबाच्या गोठ्यामागे तीन मोठ्या चुली, राख अजून उबदार. कोंबड्या पिवळे तांदूळ टिपत होत्या. मी दारात उभा राहून विचार करत होतो. सत्यनारायण? मुरारीचा नवस?
कुशाबा बाहेर आला. अंगात माझा कोट. पोटावर ताणून एक बटण तुटलेलं. उंदराची थिअरी रद्द.
रंगूबाईने सांगितलं. पोरीचं लगीन झालं. मंगळवारी, बारा वाजून सत्तावीस मिनिटांनी. पोलादपूरकडचं घर, मुलगा सदू. कुशाबाने आणि त्याच्या बायकोने कन्यादान केलं. मांजरं मोजायला गेलो त्या दिवशी बघणं झालं होतं.
मी विचारलं, मी बाप, मला का नाही सांगितलं? ती म्हणाली, तुमाला सांगितलं असतं तर तिसरं पण मोडलं असतं.
मग मुरारीला विचारलं, विहीर? तो म्हणाला, दाजी, गुणगुणणारी विहीर-बिहीर कुठं नसते वो. एसटीत बसल्या बसल्या बनवली.
मी म्हटलं, पण मी ऐकली.
मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. मंगळवारी साडेबाराला मी इतका खूश होतो.

१५ मे
आणखी एक निघालं. लग्नाला बाप का नाही, असं व्याह्यांनी विचारलं, तर यांनी काय सांगावं? बापाच्या अंगावरून वारं गेलं, वाचा बसली, तुडीलला वैद्याकडे ठेवलाय. मुका बाप म्हटल्यावर विहीणबाई प्रयागबाई हळहळली म्हणे आणि मानपानाचा हट्ट सोडला.
परवा पाचपरतावणाला, लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी, लेक, जावई, विहीण येणार. रंगूबाईने बजावलं: एक शब्द बोललात तर आपण खोटं बोलल्याचं कळंल, पोरीला इथंच टाकून जातील. मग बसा दोघं बापलेक कोडी सोडवत.
मी म्हटलं, बोलणार नाही. संकल्प दुसरा तसाही राहिलाच होता.

१७ मे, रविवार
आले. चंद्रभागा हिरव्या चुड्यात चांगली दिसते. कावीळ नव्हती.
प्रयागबाई मला मुक्याबरोबर बहिराही समजते. माझ्यासमोरच म्हणाली, माणूस दिसतो कसा येडसर, बरं झालं पोरगी आईच्या वळणावर गेली. जावई भला आहे. माझ्या कानाशी ओरडला, मामा, जेवलाव का? मी मान हलवली.
मुरारी म्हणाला, मांजराला सगळ्या पायांना पाच-पाच बोटं असतात. मुद्दाम. मी भात गिळला. कुशाबा म्हणाला, कोट माझाच हाय, मुंबईस्नं शिवून आणला. मी ताक प्यायलो. सगळे एकमेकांकडे बघत होते. मला वाटलं, चला, जिंकलो.
मग अंगणात बसलो. दिवस कलला, वडावरून वटवाघळं उठली. सदूने बायकोला विचारलं, ते काय गो? चंद्रभागा थांबली. तिने माझ्याकडे बघितलं, सरळ डोळ्यांत. ती सहा वर्षांची असताना त्याच वडाखाली तिला खांद्यावर घेऊन मी सांगितलं होतं. पाठ होतं तिला. कुणालाही म्हणून दाखवायची.
ती म्हणाली, पक्षी हायेत. अंडी घालतात.
आणि वाट बघत राहिली. मी तोंड उघडलं. सदू म्हणाला, मामांना काय हवंय वाटतं. तिने तांब्या आणून माझ्या हातात दिला. मी पाणी प्यायलो. ती हसली. घरात इतकी मोकळी हसताना मी तिला पुष्कळ दिवसांत बघितली नव्हती.
उद्या सकाळच्या गाडीने जातील. दिवाळीला परत येतील. दर दिवाळीला येतील.
नोंद ३२० साठी काही सुचत नाही. जुनीच लिहितो.
वटवाघूळ पक्षी नाही. पिल्लांना दूध पाजतं.