होडीने प्यायलेलं तेल

वेसावे, अंधेरी
१२ नोव्हेंबर १९८६

प्रिय कमळ,

तुझं पत्र आणि मुशी माशाच्या तेलाची तिसरी बाटली, दोन्ही पोचलं. बाटली पिशवीत सांडली गं बये, साऱ्या घराला वास सुटलाय. पण पत्रातल्या एका ओळीने माझा जीव थाऱ्यावर नाही. तिचं शेवटी लिहिते.

मी मजेत आहे. ऑपरेशनला पाच महिने झाले. एका बाजूची छाती गेली ती गेली. ब्लाउजात कापडाची घडी ठेवते आणि बाजारात बसते. किरणांचे शेक संपले, आता रोज एक गोळी. टोपली अजून सून उचलून देते, पण पापलेटाच्या भावावरून भांडायला मी एकटी पुरते! काल तर बांगडा चापून खाल्ला.

आता रागावू नकोस. तुझी पहिली बाटली मी डॉक्टरीणबाईंना चोरून अर्धी संपवली होती. मग त्यांनी विचारलं, आणखी काय काय घेतेस, सगळं घेऊन ये. तेल, शेजारच्या शकुने दिलेल्या व्हिटॅमिनच्या गोळ्या, कसलंसं चूर्ण, सगळं पिशवीत भरून नेलं. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, याने गाठ बरी होते असं कुणी सिद्ध केलेलं नाही, आणि चालू औषधाच्या आड येईल का तेही ठाऊक नाही. मला विचारल्याशिवाय काही घेऊ नकोस. ताकद हवी तर पोटभर जेव, मासे खा. कोळणीला हे सांगायला डॉक्टर कशाला हवा?

तू पाठवलेलं तेल फेकवेना. यांनी होडीच्या फळ्यांना चोळलं. होडी नव्या नवरीसारखी चकाकतेय बघ.

आता ती ओळ. मीपण दोन महिने रोज दोन चमचे घेते, असं लिहिलंयस. अगं, लहानपणी हे तेल पाजायला आय तुला खांबाला धरून बसवायची. नुसत्या वासाने ओकायचीस. ती तू आपणहून पितेस? नारळी पुनवेला मी कवटाळलं तर डावा हात आड धरलास, तेही आता आठवलं. गाठ आहे ना गं? मीही चार महिने पदराखाली लपवली होती, शरमेने. ती वाढतच गेली. नसेल तुला काही, तर मला खुशाल येडी म्हण. सोमवारी येतोय म्हणून बाईंना सांगून ठेवलंय. हे रविवारी सातपाटीला तुला न्यायला येताहेत. मला भीती वाटतेय कमळ, म्हणून हट्ट करतेय. बाटली आणू नकोस, होडीचं पोट भरलंय. तू ये.

तुझीच थोरली,
मथुरा