हौदाचा हिशेब

सोलापूर, ता. २ एप्रिल १९३२

ति. दाक्षायणीअक्कास,
धाकट्या सिद्धारामचा सा. न. वि. वि. इकडे सर्व क्षेम असून वळसंगच्या खुशालीची वाट पाहतो.

गिरणीच्या मालकांनी बंगल्यामागे पोहण्याचा हौद बांधला आहे. मुंबईचे पाहुणे यायचे आहेत. त्यात पाणी किती मावेल, हा हिशेब ओव्हरसियर म्हणून माझ्याकडे आला. लांबी साठ फूट, रुंदी तीस. तळ उतरता, एका टोकाला तीन फूट खोल, दुसऱ्या टोकाला नऊ, म्हणून सरासरी सहा धरली. साडेसदुसष्ट हजार गॅलन झाले. उन्हाळ्यात नळाचे एवढे पाणी मिळेना, तेव्हा मागच्या वस्तीतली पायऱ्यांची विहीर पुरेल का, असे मालकांनी विचारले. जमीन त्यांचीच आहे. मी दोरी सोडून मापे घेतली. हौदापेक्षा थोडे जास्तच पाणी निघाले, म्हणून पुरेल असे लिहून दिले.

मालक खूश झाले. तोच मोका साधून तुझ्या दिराचा, मायाप्पाचा, विषय काढला. त्याला विणकामाच्या खात्यात घेतो म्हणाले.

सर्वांस नमस्कार. लोभ पातळ होऊ देऊ नये.
तुझा सिद्धाराम


वळसंग, ता. ६ एप्रिल १९३२

चि. सिद्धारामास अक्काचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र यांनी सगळ्यांना वाचून दाखवलं. सासूबाईंनी देवापुढं साखर ठेवली. मायाप्पा सोमवारी निघतोय. हे म्हणाले, आपल्या घागरीत तीन गॅलन मावतं. म्हणजे साडेबावीस हजार घागरी झाल्या की रे. एवढ्या पाण्यात माणसं नुसती हातपाय मारणार, व्हय? लई मोठा हिशेबनीस झालास.

आपल्या जुन्या शेजारणीकडं, नागव्वाकडं जाऊन येत जा. आई गेल्यावर तू तिकडं शाळेला होतास, तेव्हा तिनंच तुला जेवू घातलं. वेळेवर जेव, आणि आम्हाला विसरू नको.
अक्का


सोलापूर, ता. १७ एप्रिल १९३२

ति. अक्कास सा. न.

आज खुशाली लिहवत नाही. इंजिन लावून दोन दिवस पाणी उपसले. हौद काठोकाठ भरला आणि विहिरीचा तळ दिसला. हिशेब बरोबर होता. पण चैत्रात त्या विहिरीचे झरे जेमतेम पाझरतात, हे मला ठाऊक होते. साऱ्या वस्तीला दुसरे पाणी नाही आणि विहिरीला लागून पहिलेच घर नागव्वाचे, हेही ठाऊक होते. मालकांनी तेवढे विचारले नाही, म्हणून मी लिहिले नाही.

गुरुवारी नागव्वा तळाचे पाणी वाटीने भरायला उतरली. खालच्या पायऱ्या कायम पाण्यात असलेल्या, शेवाळलेल्या. पाय घसरला. खुब्याचे हाड मोडले आहे. सरकारी इस्पितळात मी रोज तिच्या उशाशी बसतो. शेजारच्या खाटेवरच्या बाईला ती सांगते, पोटचा मुलगा असता तर असाच आला असता. विहिरीचा हिशेब माझा होता, हे तिला अजून सांगितलेले नाही.
सिद्धाराम


वळसंग, ता. २० एप्रिल १९३२

चि. सिद्धारामास आशीर्वाद.

तुझं पत्र मी एकटीनंच वाचलं. तुझ्या पहिल्या पत्रात पायऱ्यांच्या विहिरीचं ऐकलं तेव्हाच मी ती ओळखली होती. लग्नाआधी तिथूनच मी नागव्वासंगं पाणी भरलंय. पण मायाप्पाचं काम होत होतं, म्हणून मी घागरींची थट्टा करून विषय बाजूला सारला. तू एकटा दोषी नाहीस.

आधी मालकांकडं जा आणि बायकांच्या पाण्याचं बघ. मग नागव्वाला सगळं सांग, माझंही सांग. मायाप्पाच्या नोकरीचं व्हायचं ते होऊ दे. सासूबाई बोलतील ते मी ऐकून घेईन. आठवड्यात तिकडं येते.
तुझ्याइतकीच चुकलेली,
अक्का


सोलापूर, ता. २४ एप्रिल १९३२

ति. अक्कास सा. न. वि. वि.

मालकांना भेटलो. बायकांना हौदातले पाणी भरू द्या म्हणालो. ते म्हणाले, शनिवारी पाहुणे येतात, घागरी बुचकळून पाणी गढूळ होईल; आणि पुरेल हे तुमच्याच अक्षरात आहे. मागच्या फाटकाची किल्ली माझ्याकडे होती. दुसऱ्या दिवशी सकाळीच फाटक उघडले. दुपारपर्यंत बायकांनी पाणी नेले. हौद दोन बोटेसुद्धा उतरला नसेल. दुपारी मला कामावरून काढले, संध्याकाळी मायाप्पालाही. आता म्युनिसिपालिटीची पाण्याची गाडी सुरू व्हावी म्हणून खेटे घालतो आहे. काल ती एकदा आली.

नागव्वाला सगळे सांगितले, तुझेही. ती म्हणाली की मी दोरी घेऊन आलो त्या दिवशी तिने मला दारातून पाहिले होते. विहिरीतला गाळ काढायला सरकारातून मलाच पाठवले असे तिला वाटले. तिने घरोघर जाऊन सांगितले, आमचा सिद्धाराम आलाय, आता पाणी वाढंल.

एवढे बोलून तिने तोंड फिरवले. उद्या येऊ का, असे मी विचारले. उद्या जाऊन बघतो.

अक्का, तू लवकर ये. लोभ असू द्या असे आज कोणत्या तोंडाने लिहू? तरी लिहितो.
सिद्धाराम