पडत्या नारळाचा मालक कोण?

दिवेआगर, रविवार

तीर्थरूप बुधाजीमामा,

साष्टांग नमस्कार. अलिबागच्या त्या जिन्यापुढे तुमचे गुडघे काय म्हणतात? (आमचे गुडघे ठीक, अब्रू तेवढी लंगडते आहे.) तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र.

वादळात तुमच्या वाडीतला जो माड वाकून आमच्या अंगणावर आला, त्याने परवा पराक्रम केला. पाडेकरी मिळत नाही (मिळालाच तर आधी रील काढतो, मग नारळ), म्हणून नारळ आपले आपणच उतरतात. त्यातला एक थेट आमच्या होमस्टेला आलेल्या ठाण्याच्या पाहुण्यांच्या नव्या गाडीच्या टपावर उतरला. भरपाई द्या, नाहीतर मोबाइलवर एकच तारा देतो, म्हणाले. भर हंगामात एक तारा म्हणजे हेमांगीने राबून उभ्या केलेल्या खोल्या ओस पडणार.

मग मी तुम्ही सातवीत शिकवलेलं सगळं बाहेर काढलं. दोष गुरुत्वाकर्षणाचा. गुरु म्हणजे जड, गुरुत्व म्हणजे जडपणा, आकर्षण म्हणजे ओढणं. आपल्या जुन्या पंडितांनीही वस्तू पडण्याचं कारण गुरुत्वच सांगितलं, आणि ग्रॅव्हिटीमागच्या लॅटिन शब्दाचा अर्थही जडच, दोन्ही शब्द एकाच कुळातले. (कुळ म्हटल्यावर शेजारच्या नामाकाकांना कूळकायदा आठवला. अर्धी दुपार त्यात गेली.)

पाहुण्यांनी विचारलं, अंगण कोणाचं? आपली रीत तुम्हाला ठाऊकच आहे, झाड कोणाचंही असो, पडला नारळ अंगणवाल्याचा. नामाकाकांनी तिची नेमकी तेव्हाच आठवण करून दिली, “वादळापासनं नारळ तूच खातोस न्हाय? मग ह्योबी तुजाच हाय!” मामा, असा राग आला! त्यातले दोन त्यांच्याच घरी गेले होते.

मी म्हटलं, रीत खायच्या नारळाची. गाडीवरचा नारळ झाडवाल्याचा. त्यावर हेमांगीने (ही माझी बायको!) सर्वांदेखत सांगितलं, की ओढ दोन्हीकडून असते. पृथ्वी नारळाला ओढते तसा नारळही पृथ्वीला ओढतो. तेव्हा खोबरं आपल्याकडे आणि पोचा मामांकडे, असं शास्त्र नाही.

पाहुणे येत्या रविवारपर्यंत थांबणार आहेत. तब्येतीला जपा.

तुमचा भाचा,
चांगदेव

ता. क. ‘हा माड आणि त्याचे सर्व नारळ माझे’ एवढं सहीनिशी लिहून पाठवा.

आणखी एक : गाडीचं मिटलं की तो कागद फाडून टाकू. नारळ आम्ही पूर्वीसारखे घेत जाऊ.

मामा, पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून वाचलं. काही लिहून देऊ नका. पाहुणे माडाखाली गाडी लावायला घाबरत होते. यांनीच सावलीत लावायला लावली. म्हणाले, आमच्या नारळाला डोळे आहेत, तो बघून पडतो.
बघूनच पडला.
— हेमांगी